टेम्पो : एका भागीदारीची गोष्ट

आमच्या वऱ्हाडात ‘टेम्पो’ हा शब्द माहीत नसलेला माणूस सापडणे कठीण. वरुडची संत्री बाजाराला जातात ती टेम्पोने, अकोल्याच्या जिनिंगकडे कापूस निघतो तो टेम्पोने, आणि लग्नघरची भांडीही टेम्पोनेच येतात. परंतु हे मुळात वाहनाच्या जातीचे नाव नव्हे. जर्मनीत हँबुर्ग येथे विडाल घराण्याचा मोटारींचा कारखाना होता. त्याच्या वाहनांचे हे नाव. ते आमच्या जिभेवर कसे येऊन बसले हे पाहिले म्हणजे परकीयांशी भागीदारी करून स्वस्त वाहन काढणे कशाला म्हणतात, याचा उलगडा होतो.

१९५८ साली ‘बजाज टेम्पो’ ही कंपनी निघाली. अहमदनगरचे नवलमल फिरोदिया तिचे प्रवर्तक. आमच्या शेजारच्या वर्ध्याच्या बजाज घराण्याचे पाठबळ. आणि यंत्रविद्या विडालांची. मुंबईत गोरेगावला, व पुढे पुण्याजवळ आकुर्डीला, तीनचाकी मालवाहू टेम्पो बनू लागला.

तो स्वस्त का पडे? त्याचे इंजिन टू-स्ट्रोक जातीचे. अशा साध्या इंजिनात झडपा आणि त्यांना हलविणारी यंत्रणा नसते. म्हणून सुटे भाग थोडे आणि दुरुस्ती सोपी. शिवाय इंजिनाची गती पुढच्या एकाच चाकाला दिलेली. मागच्या चाकांपर्यंत लांब दांडा न्यावा लागत नसे आणि मागची सारी जागा मालाला मोकळी राही. बैलगाडी आणि मोठा ट्रक यांच्यामधली पोकळी या वाहनाने भरून काढली.

योगायोग असा की, त्याच १९५८ साली चीनच्या दक्षिणेस ल्योउचौ शहरात एक यंत्रांचा कारखाना निघाला. त्याने पुढे ट्रॅक्टर केले, मग छोट्या व्हॅन केल्या. तोच आजचा वूलिंग. २००२ साली शांघायची सैक, अमेरिकेची जनरल मोटर्स आणि वूलिंग यांनी मिळून नवी कंपनी स्थापन केली. तीत सैकचा वाटा ५०.१ टक्के, म्हणजे निम्म्याहून किंचित अधिक. या कंपनीने २०२० साली हाँगग्वांग मिनी ही विजेवर चालणारी चिमुकली मोटार काढली, तेव्हा तिची किंमत २८,८०० युआनपासून, म्हणजे सुमारे तीन लाख रुपयांपासून सुरू होत होती. विजेच्या मोटारीत बॅटरी फार महाग पडते. म्हणून बॅटरीच लहान बसविली. शहरातल्या रोजच्या जाण्यायेण्याला तेवढी पुरते. गरजेपलीकडचे काही द्यावयाचे नाही, हेच सूत्र टेम्पोचे आणि हेच या मोटारीचे.

पण भागीदारी निराळी आणि नुसते परके भांडवल निराळे. मूर्तिजापूरहून अचलपूरला व यवतमाळला जाणारी शकुंतला आठवावी. किलिक-निक्सन या ब्रिटिश कंपनीच्या कारभारात, आमच्या कापसावर डोळा ठेवून तो अरुंद लोहमार्ग पडला. मँचेस्टरला १९२१ साली बनलेले वाफेचे इंजिन त्यावर १९९४ पर्यंत धावले. गाडीला आम्ही लाडके नाव दिले. परंतु इंजिन घडविण्याची विद्या काही मूर्तिजापुरात उतरली नाही.

टेम्पोचे तसे झाले नाही. हँबुर्गचा मूळ कारखाना दुसऱ्यांच्या हाती गेला आणि तिकडे ते नाव मावळले. येथील कंपनी मात्र टिकली. १९६९ साली तिने चारचाकी मॅटाडोर काढली, २००५ साली फोर्स मोटर्स हे नाव घेतले, आणि आज ती मर्सिडीज व बीएमडब्ल्यू या जर्मन कंपन्यांनाच त्यांच्या भारतातील मोटारींसाठी इंजिने जुळवून, तपासून देते. घेतलेली विद्या पचविली ती अशी.

उद्या नांदगाव पेठेच्या किंवा अकोल्याच्या औद्योगिक वसाहतीत असा एखादा कारखाना आला, तर किती कोटी आले एवढेच विचारून आपण थांबू नये. निर्णय कोणाच्या हाती? सुटे भाग कोठे घडणार? आमच्या आयटीआयमधून बाहेर पडलेल्या मुलाच्या हाती नुसता पाना येणार की आराखडाही? पाहुणा उठून गेल्यावर घरात काय उरले, यावरूनच भागीदारीचा हिशेब मांडावयाचा असतो.