प्रतिपिंडाची पकड व तिचें मोजमाप

बारामती तालुक्यांतील सुपें हें गांव इतिहासाच्या वाचकांस शहाजीराजांच्या जहागिरींतील परगण्याचें ठाणें म्हणून परिचित आहे. शेजारच्या मयूरेश्वर अभयारण्यांतील चिंकारा पाहण्यास हल्लीं शहरांतील मंडळीही तिकडे जातात. परंतु ज्यांस त्या माळावर शेती करून राहावयाचें आहे, त्यांस हरिणापेक्षां सापाची आठवण अधिक ठेवावी लागते. रात्रीं पिकास पाणी देतांना किंवा गंजींतून कडबा ओढतांना दंश होतो, आणि मग घरच्या सर्वांचा जीव औषधाच्या एका कुपींत अडकतो. २००० ते २०१९ या वीस वर्षांत आपल्या देशांत सुमारें बारा लक्ष माणसें सर्पदंशानें दगावलीं, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. म्हणून त्या कुपींतील औषध विषास किती घट्ट धरतें, हा प्रश्न केवळ प्रयोगशाळेचा नव्हे.

घोड्यास विषाची मात्रा थोडथोडी वाढवीत टोंचली, म्हणजे त्याच्या रक्तांत त्या विषाचीं प्रतिपिंडें तयार होतात. तीं वेगळीं काढून हें औषध बनवितात. प्रतिपिंडाचा रेणु बेचक्याच्या आकाराचा असतो, आणि तो इतका लहान कीं एका मिलिमीटरांत असे सुमारें एक लक्ष रेणु ओळीनें मावतील. बेचक्याच्या दोन्ही टोकांस एकेक खोबण असते. तींत विशिष्ट प्रथिनाचा विशिष्ट भागच नीट बसतो. विसाव्या शतकाच्या आरंभीं परळच्या प्रयोगशाळेंत, म्हणजे आजच्या हाफकिन संस्थेंत, कॅप्टन जॉर्ज लॅम यांनीं दाखविलें कीं, नागाच्या विषावरील औषध घोणसाच्या विषावर चालत नाहीं. आज आपल्याकडील औषध नाग, मण्यार, घोणस व फुरसें या चारही जातींच्या विषांपासून करतात, त्याचें मर्म हेंच.

आतां ही पकड मोजावयाची कशी? १९८६ सालीं बिनिंग, क्वेट व गर्बर यांनीं अणुबल सूक्ष्मदर्शक नांवाचें यंत्र सिद्ध केलें. त्यांत एका अतिसूक्ष्म लवचीक पट्टीच्या टोकास अणकुचीदार सुई असते. सुईच्या अग्रावर एका लांबट रेणूच्या दोरीनें प्रतिपिंड बांधतात, आणि समोरच्या सपाट पृष्ठावर त्याचें लक्ष्य, म्हणजे तें प्रथिन, बसवितात. सुई खालीं नेली कीं दोघांची गांठ पडते, आणि वर ओढूं लागलें कीं पट्टी वांकते. पट्टीवरून परावृत्त होणारा लेसर किरण किती सरकला यावरून ती किती वांकली तें कळतें, आणि गांठ सुटली त्या क्षणाचें बल मोजतां येतें. ही ओढ खरोखर त्या गांठीचीच होती ना, याची खात्री करण्यासाठीं द्रवांत तेंच प्रथिन मोकळें सोडतात. खोबणी आधींच भरून गेल्या कीं पकड जवळजवळ नाहींशी होते.

१९९६ सालीं ऑस्ट्रियांतील लिंझ येथें हिंटरडॉर्फर प्रभृतींनीं मानवी रक्तांतील आल्ब्युमिन व त्याचें प्रतिपिंड यांची अशी एकेक गांठ सोडविली. तीस सुमारें २४४ पिकोन्यूटन बल लागलें. एका ग्रॅमचे दहा कोटी समान भाग केले, तर त्यांतील एका भागाचें वजन जेमतेम शंभर पिकोन्यूटन भरेल, यावरून वाचकांनीं या बलाची कल्पना करावी.

परंतु हा आंकडा म्हणजे गांठीचा कायमचा भाव नव्हे. आठवडे बाजाराच्या गर्दींत आईचें बोट धरून चाललेलें मूल डोळ्यांपुढें आणा. गर्दीचे धक्के सारखे बसतच असतात. कोणी मुलास हळूहळू ओढीत राहिला, तर एखाद्या धक्क्यासरशी बोट सुटतें. एकदम हिसका दिला, तर मात्र सारा जोर लावावा लागतो. रेणूंना उष्णतेचे धक्के असेच अखंड बसतात. म्हणून ओढ मंद असेल तर गांठ थोड्या बलानें सुटते, आणि वेगाची असेल तर अधिक बल लागतें. इव्हान्स व रिची यांनीं १९९७ सालीं याची गणिती मांडणी केली. निरनिराळ्या वेगांनीं ओढून पाहिलें, म्हणजे कोणीही न ओढतां ती गांठ किती वेळ टिकेल याचें अनुमान करतां येतें. २००० सालीं एकाच पदार्थाच्या अनेक प्रतिपिंडांवर झालेल्या प्रयोगांत हें अनुमान इतर रीतींनीं केलेल्या मोजमापाशीं जुळलें. मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था व पुण्याची भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्था येथेंही प्रथिनाचा एकेक रेणु याच यंत्रानें ताणून पाहण्याचें काम झालें आहे.

रोग्यास बल नको, काळ हवा. विषास धरून ठेवलें पाहिजे तें शरीर त्याची वासलात लावीपर्यंत. औषधाची कसोटी मात्र उंदरांवर घेतात: एका मिलिलिटरनें नाग व घोणस यांचें प्रत्येकीं ०.६ आणि मण्यार व फुरसें यांचें प्रत्येकीं ०.४५ मिलीग्रॅम विष निष्प्रभ झालें पाहिजे. पण औषधासाठीं लागणारें विष बहुतांशीं तामिळनाडूंतील सापांचें असतें, आणि प्रदेशाप्रमाणें विष बदलतें, असें बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेंतील संशोधनानें दाखविलें आहे. तिकडच्या विषासाठीं घडलेली खोबण सुप्याच्या माळावरील विषास कितपत बसेल, ही शंका म्हणूनच रास्त ठरते. उत्तम पकडीचीं प्रतिपिंडें निवडून औषध बनविण्याचा दिवस उजाडेल, तेव्हां या मोजमापाचें खरें चीज होईल.

तोंवर हातीं असलेलें औषधच अनेकांचे प्राण वांचवितें, पण तें वेळेवर मिळाल्यासच. प्रतिपिंड मोकळ्या विषास धरूं शकतें. विषानें एकदां केलेली हानि त्यास भरून काढतां येत नाहीं. मांत्रिकाच्या दारीं गेलेला अर्धा तास कोणत्याही कुपींतून परत मिळत नाहीं, एवढें आमच्या वाचकांनीं आपल्या शेतावरील गडीमाणसांस अवश्य सांगून ठेवावें.