ब्रुसेलोसिसची लस: वगार लहान असतानाच का टोचावी?

तबेलेवाले, खाटीक, बकऱ्यांचे व्यापारी, दूधवाले. आपल्यातील कितीतरी घरांची रोजीरोटी जनावरावर चालते. म्हैस शेवटच्या महिन्यांत गाभडली की मालक म्हणतो पाय घसरला असेल, नाहीतर नजर लागली. पुढे त्याच मालकाला ताप येऊ लागतो. कधी चढतो, कधी उतरतो. रात्री घामाने कपडे भिजतात, कंबर आणि सांधे दुखतात. टायफॉइड, मलेरिया अशा सगळ्या तपासण्या होतात, पैसा जातो आणि ताप तसाच राहतो. या दोन गोष्टींचा संबंध असू शकतो, हे फार थोड्यांना माहीत असते. या रोगाचे नाव ब्रुसेलोसिस. जनावरांच्या डॉक्टरांकडे त्याला सांसर्गिक गर्भपात असेही म्हणतात.

रोगाची ओळख पटली ती भूमध्य समुद्रातील माल्टा बेटावर. तेथे ब्रिटिश सैनिक तापाने मरत होते. १८८७ साली लष्करी डॉक्टर डेव्हिड ब्रूस यांनी मृत सैनिकांच्या प्लीहेतून हा जंतू वेगळा काढला. तो येतो कोठून, हे १९०५ साली माल्टाचेच डॉक्टर थेमिस्टोक्लिस झम्मित यांनी दाखवले. वरून धडधाकट दिसणाऱ्या शेळ्यांच्या दुधातून तो येत होता. १९०६ साली सैनिकांना ते दूध देणे बंद झाले आणि त्यांच्यातला ताप झपाट्याने ओसरला. मध्यंतरी १८९७ साली डेन्मार्कचे बर्नहार्ड बँग यांनी गाभडणाऱ्या गायींत याच कुळातला जंतू शोधला होता.

आता मुख्य सवाल. आपले शरीर इतक्या रोगांशी लढते, मग येथे कमी का पडते? रक्तात भक्षक पेशी असतात. त्यांचे काम पहारेकऱ्याचे. जंतू दिसला की गिळायचा आणि आतल्या आत नष्ट करायचा. हा जंतू गिळला जातो, पण मरत नाही. पहारेकऱ्याच्याच कोठडीत लपून तो आपली संख्या वाढवतो. शिवाय त्याच्या अंगावरचे वेष्टन असे असते, की सुरुवातीला धोक्याची घंटा जोरात वाजतच नाही.

शरीर प्रतिपिंडे तयार करते, पण ती रक्तात फिरतात आणि चोर पेशीच्या आत बसलेला असतो. म्हणून त्यांचा उपयोग अपुरा पडतो. खरे काम करतात त्या टी पेशी. त्या गॅमा इंटरफेरॉन नावाचा पदार्थ सोडतात. त्याने भक्षक पेशी चेतवल्या जातात आणि मग गिळलेला जंतू मारू शकतात.

लसीचे सगळे गणित येथेच आहे. मेलेल्या जंतूंची लस टोचली तर प्रतिपिंडे तयार होतात, पण टी पेशींना पुरती तालीम मिळत नाही. त्यासाठी जिवंत पण दुबळा केलेला जंतू लागतो. असा पहिला कामाचा जंतू जवळजवळ अपघाताने हाती आला. १९२३ साली अमेरिकेत जॉन बक यांनी एका जर्सी गायीच्या दुधातून तो मिळवला. वर्षभराहून अधिक काळ साध्या तापमानात पडून राहिल्याने त्याची ताकद घटली होती. हीच एस-१९ लस, गायी-म्हशींसाठी. शेळ्या-मेंढ्यांसाठीची रेव्ह-१ लस १९५७ साली एल्बर्ग आणि फाँस यांनी पुढे आणली.

पण जंतू जिवंत, म्हणून जोखीमही जिवंत. गाभण जनावराला एस-१९ टोचली तर ते गाभडू शकते. नराला ही लस देत नाहीत.

व्यापाऱ्याने ध्यानात ठेवावी अशी आणखी एक बाब आहे. कापडाच्या किनारीवरचा शिक्का पाहून आपण गिरणी ओळखतो. रक्ताची तपासणीही तशीच, जंतूच्या वेष्टनावरील शिक्क्याविरुद्धची प्रतिपिंडे शोधते. एस-१९ वर रोगाच्या जंतूचाच शिक्का आहे. मोठ्या जनावराला ती टोचली तर निरोगी जनावरही तपासणीत रोगी ठरू शकते आणि सौदा फिसकटतो. लहानपणी टोचली तर ही प्रतिपिंडे बहुतेक जनावरांत वयात येईपर्यंत ओसरतात, संरक्षण मात्र राहते. पुढे आरबी-५१ ही बिनशिक्क्याची लस निघाली. अमेरिकेत तिला १९९६ साली मंजुरी मिळाली.

म्हणूनच भारतात सप्टेंबर २०१९ मध्ये मथुरेहून सुरू झालेल्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात चार ते आठ महिन्यांच्या कालवडी आणि वगारींना ही लस देण्याचे ठरले. आयुष्यात एकदाच, आणि सरकारी खर्चाने. कानातल्या बारा आकडी बिल्ल्यावर जनावराची नोंद होते. वगार विकत घेताना दात आणि अंगलट पाहता, तशी लसीची नोंदही विचारा. मात्र लागण झालेल्या जनावराला लस बरे करत नाही, आणि टोचलेल्यालाही शंभर टक्के हमी नसते.

माणसासाठी सर्वत्र वापरता येईल अशी मंजूर लस अजून नाही. रशिया आणि चीन यांनी स्वतःच्या लसी काही काळ वापरल्या, पण त्या बाहेर पसरल्या नाहीत. जिवंत जंतू किती महाग पडतो, ते चीनच्या लान्झोऊ शहरात दिसले. २०१९ साली तेथील जनावरांच्या लसीच्या कारखान्यात मुदत संपलेले जंतुनाशक वापरले गेले. जंतू धुराड्यातून हवेत गेले आणि दहा हजारांहून अधिक लोक बाधित झाले.

तेव्हा माणसाची लस म्हणजे खबरदारी. दूध उकळूनच प्या आणि विका. पडलेला गर्भ आणि वार उघड्या हातांनी उचलू नका, कुत्र्यांपुढे टाकू नका. चुना टाकून खोल पुरा आणि जनावर वेगळे बांधा. कत्तलखान्यात हाताला चीर असेल तर हातमोजे घाला. गर्भाशय व कास कापताना विशेष जपा. लस टोचताना सुई स्वतःला लागली तर लसीचे नाव डॉक्टरांना सांगा, कारण रेव्ह-१ वर स्ट्रेप्टोमायसिन आणि आरबी-५१ वर रिफॅम्पिसिन चालत नाही.

ताप रेंगाळला तर डॉक्टरांना आपला धंदा सांगा. एवढ्या एका वाक्याने योग्य तपासणी होऊ शकते. इलाज आहे. दोन औषधे एकत्र, साधारण सहा आठवडे. बरे वाटले म्हणून मध्येच सोडली तर ताप परत येतो. आणि तबेल्यात चार महिन्यांची वगार असेल, तर पशुवैद्यकीय दवाखान्यात याच आठवड्यात चौकशी करा. आठ महिने उलटले की ही संधी परत येत नाही.