विलीनीकरण राहिलं, पक्षही राहिला

गोव्यात 'मगो' म्हटलं की पुरतं. निशाणी सिंह. महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष हे पूर्ण नाव घेतलं की स्थापनेचा हेतूही कळतो: गोवा महाराष्ट्रात विलीन झाला पाहिजे.

पोर्तुगीज गेले १९६१च्या डिसेंबरात. दोन वर्षांनी गोव्याने पहिल्यांदा विधानसभेसाठी मतदान केलं आणि १९६३मध्येच स्थापन झालेला हा पक्ष सत्तेवर आला. काँग्रेसला गोव्यात भोपळाही फोडता आला नाही. खाणमालक दयानंद बांदोडकर, लोकांचे भाऊसाहेब, पहिले मुख्यमंत्री झाले.

गावोगावच्या बहुजन समाजाने मगोला उचलून धरलं, ते काय मुंबईच्या मंत्रालयाच्या प्रेमापोटी? मुंडकाराची स्थिती पाहा. भाटकाराच्या जमिनीवर त्याचं घर. नारळाच्या भाटाची राखण करायची, बोलावलं की कामाला जायचं. भाटकाराची मर्जी फिरली तर बिऱ्हाड पाठीवर. कुळाचंही फार वेगळं नव्हतं. शेत कसायचं त्याने, मालकी दुसऱ्याची. सीमेपलीकडे मात्र मुंबई राज्याने १९४८मध्येच कूळ कायदा केलेला. त्यामुळे विलीनीकरण म्हणजे मराठी शाळा आणि पायाखालची जमीन, असा सरळ हिशेब होता. ख्रिस्ती समाजाचा आणि कोकणीवाद्यांचा हिशेब वेगळा होता. आपला गोवा एक जिल्हा होऊन बसेल, ही त्यांची धास्ती. आणि ती पोकळ नव्हती. जॅक सिक्वेरांच्या युनायटेड गोवन्स पक्षाने ती बाजू लढवली.

१६ जानेवारी १९६७ला जनमत कौल झाला. मतपत्रिकेवर दोनच चिन्हं: विलीनीकरणासाठी फूल, केंद्रशासित राहण्यासाठी दोन पानं. कौल निःपक्ष व्हावा म्हणून बांदोडकरांनी आधीच राजीनामा दिला होता. फुलाला १,३८,१७० मतं पडली, पानांना १,७२,१९१. फरक ३४,०२१चा.

खरी गंमत पुढेच आहे. जेमतेम अडीच महिन्यांत निवडणूक झाली आणि लोकांनी पुन्हा बांदोडकरांनाच गादीवर बसवलं! विलीनीकरण नको, पण भाऊ हवेत. माझ्या मते पक्षाचा खरा हेतू मतदारांनी नेत्यांच्याही आधी ओळखला होता. विलीनीकरण हा मार्ग होता. जायचं होतं भाटकाराच्या जोखडाबाहेर.

ते काम मगोने बऱ्यापैकी केलं. गावागावांत मराठी प्राथमिक शाळा निघाल्या. १९६४मध्ये कूळ कायदा झाला. १९७३मध्ये भाऊ गेले. त्यांच्या कन्या शशिकलाताई काकोडकर मुख्यमंत्री झाल्या. त्यांच्या कारकिर्दीत १९७५चा मुंडकार कायदा आणि १९७६ची 'कसेल त्याची जमीन' दुरुस्ती आली. १९७९मध्ये सत्ता गेली. पुढे आघाड्या, फाटाफूट आणि पक्षांतरं यांतच पक्ष झिजला. त्यावर शाई खर्च करण्यात अर्थ नाही.

१९८७मध्ये गोवा स्वतंत्र घटक राज्य झालं आणि विलीनीकरणाचा विषय कायमचा मिटला. नाव मात्र मगोने बदललं नाही. २०२२च्या निवडणुकीत याच नावावर आणि सिंहावर त्याचे दोन आमदार निवडून आले.