जुन्या पद्मिनीचं स्टिअरिंग डुलतंय? आधी हे तपासा

कुर्ल्यात तयार झालेली प्रीमियर पद्मिनी 2023 मध्ये मुंबईच्या टॅक्सीतून निवृत्त झाली, पण हौशी लोकांनी ती अजून जपली आहे. धाडसारख्या गावात अशा गाडीचं स्टिअरिंग डुलू लागलं, तर आधी दोष ओळखा.

स्टिअरिंगचा दांडा एका नळीत फिरतो. त्याला वरच्या टोकाला मधोमध धरून ठेवतं ते सपोर्ट बेअरिंग किंवा बुश. गाडी उभी असताना स्टिअरिंग वर-खाली हलवा. दांडा नळीतल्या नळीत हलला, तर बेअरिंग झिजलंय. अख्खी नळीच हलली, तर ब्रॅकेटचे बोल्ट ढिले आहेत. स्टिअरिंग फिरवूनही चाकं उशिरा वळली, तर दोष स्टिअरिंग बॉक्स किंवा टाय रॉडमध्ये असू शकतो.

बेअरिंग बदलताना चाकं सरळ ठेवा, बॅटरीची वायर काढा, दांड्यावर आणि स्टिअरिंगवर खूण करा. स्टिअरिंग पुलरनेच काढा, हातोडीने नाही. नवं बेअरिंग नळीत बसवताना बाहेरच्या कड्यावरच सारखा दाब द्या. आतल्या कड्यावर ठोकलं तर गोळ्या खराब होतात.

शेवटी स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवा. कुठेही अडकलं, तर गाडी रस्त्यावर काढू नका.