जुन्या पिकअपचा डिझेल पाईप : वेळीच बदला, नीट बदला



बैलगाडीची बरीच कामे आता पिकअपने घेतली आहेत. पाडेगावच्या संशोधन केंद्राकडून को ८६०३२ चे बेणे आणणे, रोपवाटिकेतून रोपे नेणे, खताची पोती वाहणे, सगळे तिच्यावरच. यातल्या पुष्कळ गाड्या पंधरा वर्षांच्या पुढे गेलेल्या आहेत. इंजिन ठणठणीत असते, पण पाईप म्हातारे होतात. उष्णतेने रबर कडक होऊन तडकते, गोठ्याशेजारी उभ्या गाडीचे पाईप उंदीर कुरतडतात, टाकीकडची लोखंडी नळी चिखलाने गंजते. दुरुस्ती लहान आहे. पण कशीतरी केली तर बेणे वाटेत वाळते, आणि वेळ आली तर गाडीही पेटते.

दुखणे कुठे आहे ते ओळखा

टाकीतले डिझेल फीड पंप ओढतो, फिल्टरमधून मोठ्या पंपाकडे देतो. मोठा पंप ते जोराने नोझलला पोचवतो. उरलेले डिझेल परतीच्या पाईपने टाकीत जाते.

टाकी ते फीड पंप हा ओढीचा पाईप. याला चीर पडली तर पुष्कळदा जमिनीवर एक थेंबही दिसत नाही, कारण तो चिरेतून बाहेरची हवा आत घेतो. गाडी सकाळी लवकर सुरू होत नाही, मिसिंग मारते, आणि सालपे घाटासारख्या चढाला भरल्या मालानिशी दम तोडते. अशा वेळी पंप-नोझल खोलायची घाई करू नये. आधी हा पाईप आणि त्याच्या क्लिपा पाहाव्यात.

फीड पंपाच्या पुढचा पाईप मात्र गळतो. परतीचा फुटला तर गाडी नेहमीसारखी पळते, म्हणून कोणाचे लक्ष जात नाही. पण सेकंदाला एक थेंब धरला तरी दिवस-रात्रीत चार लिटरच्या आसपास डिझेल जाते. पैशाचा हिशोब ज्याचा त्याने करावा. त्याहून वाईट म्हणजे ते तापल्या सायलेन्सरवर पडते, आणि आपली गाडी उभी असते वाळल्या पाचटात.

मलमपट्टी नको

साबण, एम-सील, सायकलची ट्यूब हे उपाय घरापर्यंत पोचण्यापुरते. ठिबकची नळी तर मुळीच वापरू नये. डिझेलने आणि उष्णतेने ती टिकत नाही. लोखंडी नळीच्या जागी तांब्याची घालू नका. हादऱ्याने तांबे कडक होऊन चिरते. डिझेलसाठीचाच पाईप घ्यावा. जुना तुकडा दुकानात न्यावा आणि आतला व्यास तोच पाहावा. बारीक पाईपने इंजिनला डिझेल पुरत नाही.

बदलण्याची रीत

१. गाडी सपाटीला, उघड्यावर, इंजिन थंड करून उभी करा. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. विडी-काडी लांब. जवळ मातीची बादली ठेवा.

२. सांध्याभोवतीची धूळ आधी पुसा. कचऱ्याचा एक कण आत गेला तरी पंप-नोझलला महाग पडतो. सुटलेल्या नळीचे तोंड स्वच्छ फडक्याने झाका, खाली डबा धरा.

३. नवा पाईप जुन्याच वाटेने न्या. सायलेन्सरपासून लांब ठेवा, चॅसिसच्या भोकातून जाताना रबरी बूच बसवा. इंजिन हलते, म्हणून तिथे थोडी ढील हवी. ताणून बसवलेला पाईप पुन्हा फाटतो.

४. बांधायच्या तारेऐवजी स्क्रूची क्लिप वापरा. तीही इतकी आवळू नका की रबर कापेल. बँजो बोल्टचे वॉशर नवेच घाला.

५. मग हवा काढा. टाकीत डिझेल भरा, फिल्टरवरचा हवेचा स्क्रू ढिला करा आणि हातपंप मारा. आधी फेस येतो. फेस संपून सलग डिझेल आले की हातपंप मारतानाच स्क्रू बंद करा. मोठ्या पंपावर तसा स्क्रू असेल तर तिथेही असेच करा.

६. सांडलेले डिझेल पुसून काढा, मगच बॅटरी जोडा. गाडी दहा मिनिटे चालू ठेवून प्रत्येक सांधा पाहा. तेलकट फडकी गाडीत ठेवू नका.

इथे हात घालू नका

मोठ्या पंपापासून नोझलकडे जाणाऱ्या पोलादी नळ्या मेकॅनिकच्याच. जुन्या गाडीतही तिथे दीडशे बारच्या वर दाब असतो; कॉमनरेल गाडीत तो हजाराच्या पुढे जातो. सुईएवढ्या भोकातून निघालेली डिझेलची धार कातडीतून आत शिरते. जखम टाचणीएवढी दिसते, पण आत मांस सडून बोट गमावण्याची पाळी येते. म्हणून गळती बोटाने चाचपू नये, पुठ्ठा धरून पाहावी. धार लागलीच तर दुखत नसले तरी त्याच तासाला दवाखाना गाठावा आणि डॉक्टरांना डिझेलची धार लागली असे स्पष्ट सांगावे.

खंडेनवमीला आपण गाडी धुऊन हार घालतोच. त्याच दिवशी बॅटरी घेऊन गाडीखाली वाकावे आणि टाकीपासून इंजिनपर्यंत पाईप डोळ्यांनी तपासावा. दाबून कडक लागला, चीर दिसली किंवा क्लिपेपाशी ओल आढळली, तर हंगामाची मोळी पडायच्या आत तो बदलून घ्यावा. ट्रॅक्टरचाही त्याच दिवशी पाहावा. ऊस तोडून फडात पडल्यावर पाईपचे दुकान शोधत फिरणे परवडणारे नाही.

— ऊस विकास अधिकारी