उधाणाचे गणित आणि गावाची यादी

बंगालच्या उपसागरात चक्रीवादळ उठल्याची वार्ता आली की आपल्या मनात प्रथम येते ती वाऱ्याची धास्ती. उन्मळलेली झाडे, उडालेली छपरे, वाकलेले विजेचे खांब हेच चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. परंतु या वादळांनी आजवर जो मनुष्यसंहार केला, त्यातील फार मोठा वाटा समुद्राच्या पाण्याचा आहे. महाबळेश्वरी उगम पावलेली कृष्णा जेथे सागराला मिळते, त्या आंध्रातील दिवीसीमेवर १९ नोव्हेंबर १९७७ रोजी समुद्र चालून आला आणि सुमारे १०,००० माणसे प्राणांस मुकली. पुढे २९ ऑक्टोबर १९९९ रोजी ओडिशात पारादीपजवळ महाचक्रीवादळ धडकले, तेव्हाही जवळजवळ तितकेच बळी पडले. मग १२ ऑक्टोबर २०१३ रोजी त्याच राज्यात गोपाळपूरजवळ ‘फायलिन’ हे अतितीव्र वादळ आले. या वेळी मृतांची संख्या पन्नासच्या आत राहिली. ही दोन वादळे अगदी सारखी नव्हती. १९९९ चे वादळ अधिक प्रबळ होते आणि त्याने गाठलेला किनारा अधिक सखल होता. तरीही एवढा मोठा फरक केवळ निसर्गाच्या कृपेने पडला असे म्हणता येत नाही. तो कशाने पडला, हे समजून घेण्यासारखे आहे.

कोकणातला माणूस अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीला उधाण म्हणतो. वादळाचे उधाण याहून निराळे. वादळाच्या केंद्रात हवेचा दाब उतरतो आणि त्याखालचे पाणी वर उचलले जाते. दाब एक मिलिबारने उतरला की पाणी सुमारे एक सेंटिमीटर चढते. १९९९ च्या वादळात दाब शंभर मिलिबारच्या आसपास उतरला होता. म्हणजे त्यापायी पाणी चढले असेल ते मीटरभर. प्रत्यक्षात किनाऱ्यावर काही ठिकाणी ते पाच ते सहा मीटर चढले. उरलेली करणी वाऱ्याची. वारा पाण्याला किनाऱ्याकडे रेटतो. समुद्र खोल असेल तर हे पाणी तळाने माघारी फिरते. तो उथळ असेल तर त्याला परतण्यास वाट उरत नाही आणि ते साचून चढत जाते. बंगालच्या उपसागराचे उत्तर टोक असेच उथळ आहे. त्यात नेहमीच्या भरतीची वेळ साधली गेली, तर संकट दुणावते.

हे सारे नियम गतिशास्त्राचे असल्यामुळे त्यांचे गणित मांडता येते. समुद्राच्या नकाशावर बुद्धिबळाच्या पटासारखे चौकोन आखायचे. प्रत्येक चौकोनात पाण्याची खोली, हवेचा दाब, वाऱ्याचा वेग आणि दिशा हे आकडे भरायचे. मग शेजारच्या चौकोनांतून किती पाणी आले व किती गेले, याचा हिशेब थोड्या थोड्या अवधीने पुनःपुन्हा करायचा. या मांडणीस प्रतिमान म्हणतात. हजारो चौकोनांचा हा हिशेब संगणक करतो. दिल्लीच्या आयआयटीतील संशोधकांनी आपल्या किनाऱ्यांसाठी अशी प्रतिमाने सिद्ध केली. भारतीय हवामान विभाग आणि हैदराबादचे महासागर माहिती सेवा केंद्र अशा प्रतिमानांच्या आधारे कोणत्या किनाऱ्यावर पाणी किती चढेल, याचा अंदाज वर्तवितात.

परंतु प्रतिमानास वादळाचा मार्ग सांगावा लागतो, आणि तो मार्ग स्वतःच एक अंदाज असतो. चोवीस तास आधी वर्तविलेल्या केंद्रस्थानात पाऊणशे किलोमीटरांचा फरक पडणे हे आजही नवल नाही. आपल्या गोलार्धात वादळाचे वारे घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतात. त्यामुळे पूर्व किनाऱ्यावर येणाऱ्या वादळाच्या मार्गाच्या उजव्या हाताला ते पाणी भूमीवर लोटतात, तर डाव्या हाताला भूमीवरून समुद्राकडे वाहतात. म्हणजे मार्ग थोडा सरकला, तर ज्या गावात पुरुषभर पाणी यायचे तेथे किनारा कोरडा राहील आणि दुसरेच गाव बुडेल. म्हणूनच शास्त्रज्ञ एकच मार्ग न धरता अनेक संभाव्य मार्गांसाठी तेच गणित करून पाहतात.

येथपर्यंतचे काम शास्त्रज्ञांचे. यापुढचे काम प्रशासनाचे, आणि त्यासही आकडेच लागतात. ‘पाणी तीन मीटर चढेल’ हे वाक्य तहसीलदाराच्या हाती पडले, तरी त्याच्या तालुक्यात तीन मीटरांहून सखल वाड्या कोणत्या, हे ठाऊक असल्यावाचून ते निरुपयोगी आहे. समजा, एका गावात कच्च्या घरांत राहणारी ३,००० माणसे आहेत आणि निवाऱ्यात जागा १,००० जणांना आहे. उरलेले २,००० कोठे जातील? अंथरुणाला खिळलेली वृद्ध माणसे किती, दिवस भरलेल्या स्त्रिया किती, होड्या घेऊन समुद्रात कोण गेले आहे? कोणता रस्ता प्रथम पाण्याखाली जाईल? ही यादी वादळ उठल्यावर करता येत नाही. १९९९ मध्येही हवामान विभागाने इशारे दिले होते. परंतु ते ऐकून माणसांनी जायचे कोठे, याचे उत्तर बहुतेक गावांपाशी नव्हते. त्यानंतर ओडिशाने आपत्तिनिवारणासाठी स्वतंत्र प्राधिकरण स्थापिले आणि किनाऱ्यावर ८०० हून अधिक निवारे उभे केले. २०१३ साली सुमारे दहा लाख माणसे वेळेवर हलविता आली, ती या तयारीमुळे.

मार्गाचा अंदाज ढोबळ असल्यामुळे प्रत्यक्ष बुडणाऱ्या पट्ट्याहून कितीतरी मोठा पट्टा रिकामा करावा लागतो. पुष्कळ कुटुंबे परत येतात, तो त्यांची घरे कोरडी असतात. ‘उगीच हलविले’ ही तक्रार तेथूनच सुरू होते. परंतु संकट कोणत्या गावावर येईल हे निश्चित नसताना सर्वांना हलविणे, हाच त्या गणिताचा खरा अर्थ होय. हे लोकांना आधीच समजावून दिले नाही, तर पुढल्या खेपेस ते उंबरा ओलांडणार नाहीत, आणि नेमके तेव्हाच पाणी येईल.

या साधनाच्या मर्यादाही आहेत. २०१७ च्या नोव्हेंबरअखेर ‘ओखी’ वादळ इतक्या झपाट्याने बळावले की केरळ व तामिळनाडूचे अनेक मच्छीमार आधीच खोल समुद्रात गेलेले होते. ३ मे २०१९ रोजी पुरीजवळ ‘फनी’ आले, तेव्हा बारा लाखांच्या आसपास लोक हलविले गेले. तरीही ओडिशात ६४ माणसे दगावली, त्यांपैकी अनेक भिंती व झाडे कोसळून. आपला पश्चिम किनाराही आता निर्धास्त राहिलेला नाही. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ वादळाने रायगड जिल्ह्याला त्याची जाणीव करून दिली.

समुद्राचे गणित दिवसेंदिवस सूक्ष्म होत जाईल, यात शंका नाही. त्याच्या जोडीला गावाची यादीही दरवर्षी नव्याने लिहिली पाहिजे; कारण मुले जन्मतात, माणसे थकतात, ओढ्याकाठी नवी घरे उठतात. समुद्र किती चढणार, हे हैदराबादहून आणि दिल्लीहून कळेल. वाडीच्या टोकाला एकटी राहणारी आजी कोणाच्या हाताला धरून निवाऱ्यापर्यंत जाणार, हे मात्र त्या गावानेच आधी ठरवून ठेवले पाहिजे.