धक्क्याची जबानी

शारजा औद्योगिक क्षेत्रातील एखाद्या लोखंडकामाच्या कारखान्यात वेल्डिंगच्या सांध्याची परीक्षा कशी होते, हे ज्याने जवळून पाहिले आहे, त्याला भूकंपशास्त्र परके वाटू नये. तपासनीस सांध्यालगत थोडे जेल फासतो, त्यावरून प्रोब हलक्या हाताने सरकवतो, आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या पोकळीवर आपटून ध्वनिलहर परतली, की पडद्यावरची रेघ एकदम उसळते. पोलाद न कापता त्याच्या अंतरंगाची जबानी घेण्याची हीच विद्या पृथ्वीच्या खोल थरांना लावायची, तर लहर मात्र बहुधा निसर्गाकडूनच यावी लागते.

तशी ती 16 एप्रिल 2013 रोजी आली. दुपारी पावणेतीनच्या सुमारास, शारजापासून सुमारे 700 किलोमीटरवर, इराण-पाकिस्तान सरहद्दीजवळच्या सारावान भागात, जिथे अरबी भूपट्ट मकरानखाली वाकून शिरला आहे, तिथे जवळजवळ 80 किलोमीटर खोलीवर 7.7 तीव्रतेचा भूकंप झाला आणि अमिरातींतील उंच इमारतींतून माणसे रस्त्यावर आली. त्या भीतीच्या घटकेतही लहरींचा क्रम चुकत नाही : दाबाची प्राथमिक लहर सेकंदाला सुमारे 8 किलोमीटर वेगाने एवढे अंतर दीड मिनिटात तोडते, आणि खडकाला आडवे हलवणारी दुय्यम लहर मिनिटभर मागून येते. अंतर आणि वेळ यांवरून वेग कळतो, व वेगावरून वाटेतल्या खडकाची जात.

या अनुमानाचा पाया 1909 साली झाग्रेबजवळ झालेल्या भूकंपाने घातला. त्याच्या नोंदी चाळताना भूकंपशास्त्रज्ञ आंद्रिया मोहोरोविचिच यांना आढळले, की काही अंतरावरील नोंदणी-केंद्रांवर प्राथमिक लहर दोनदा येते. संध्याकाळी औद्योगिक क्षेत्रातून रास अल खैमाकडे निघालेला मोटारवाला जवळच्या गर्दीच्या रस्त्याचा नाद सोडून, वाकडी वाट करून एमिरेट्स रोडला लागतो आणि आधी पोहोचतो. तशीच एक लहर कवचातून खाली उतरते, त्याखालील जलद थरातून धावते आणि पुन्हा वर येऊन दुसरीला मागे टाकते. तो जलद थर म्हणजेच कवचाखालच्या प्रावरणाचा माथा. पुढे 410 आणि 660 किलोमीटर खोलीवरच्या, दाबाने खनिजांची घडण जिथे पालटते त्या सीमाही लहरींनीच दाखवून दिल्या.

शारजाच्या रहिवाशाचे भाग्य असे, की त्याला त्या प्रावरणाला हात लावता येतो. शारजाच्याच अमलाखालील खोर फक्कानच्या मागे उभे असलेले काळपट-तपकिरी डोंगर हे सुमारे साडेनऊ कोटी वर्षांपूर्वीच्या सागरतळाखालचे प्रावरण होय; भूपट्टांच्या रेट्याने ते अरबस्तानच्या काठावर चढून बसले. हवापाण्याने गंजलेल्या सालीखाली तिथे पेरिडोटाइट आहे. या जातीचा निकोप तुकडा प्रयोगशाळेत प्रचंड दाबाखाली ठेवून त्यातून लहर सोडली, तर तिचा वेग सेकंदाला 8 किलोमीटरच्या आसपासच भरतो.